नकाशात नसलेला पाइप

एका मोठ्या रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डातल्या बाथरूमच्या गरम पाण्यात रोगजंतू सापडले. बाब गंभीर होती आणि रुग्णालयाने ती गांभीर्यानेच घेतली. ज्या कर्मचाऱ्यामुळे ते सापडले, त्याला त्याच दिवशी 'कारणे दाखवा' नोटीस देण्यात आली.

त्याचं झालं असं, की पाण्याचा नमुना दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जायचा. गेली अकरा वर्षं तो अधीक्षकसाहेबांच्या केबिनशेजारी चहाची खोली आहे ना, तिथल्या नळातून घेतला जायचा. नळ हाताशी, सिंक स्वच्छ, उजेड भरपूर. शिवाय त्या नळाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत उसंत नसे, त्यामुळे पाणी सदा वाहतं आणि ताजं. अकरा वर्षं अहवाल एकच येत होता: जंतू आढळले नाहीत. या खेपेला मात्र नमुना घेणारे गृहस्थ रजेवर गेले, त्यांच्या जागी बदली माणूस आला, आणि त्या भल्या माणसाने चक्क नियमांची पुस्तिका उघडून वाचली. रुग्ण जिथे अंघोळ करतात तिथून नमुना घ्यावा, असं पुस्तिकेत छापलेलं होतं. तो सरळ वॉर्डात गेला आणि त्याने शॉवरखाली बाटली धरली.

नोटिशीत लिहिलं होतं, 'प्रस्थापित कार्यपद्धती सोडून नमुना घेतल्यामुळे अनिष्ट निष्कर्ष प्राप्त झाला आहे.' मग प्रस्थापित कार्यपद्धतीने, म्हणजे चहाच्या नळातून, दुसरा नमुना घेतला गेला. तो अपेक्षेप्रमाणे उत्तम निघाला. त्याच्या अहवालाची प्रत वॉर्डातल्या बाथरूमच्या दारावर चिकटवली, आणि तिथे सिस्टरने आधी लावलेली 'शॉवर वापरू नये' ही पाटी अहवालाशी विसंगत म्हणून काढून टाकली. कागदोपत्री जंतूंचा नायनाट झाला.

हे सगळं ज्याच्या डोक्याला ताप झालं, तो रुग्णालयाचा प्लंबर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने इमारतीच्या पोटातला एकूण एक पाइप हाताळला होता. जंतू कुठून येतात हे त्याला अहवाल न वाचताच कळलं. दुसऱ्या मजल्यावर पूर्वी दोन बाथरूम होती. सहा वर्षांपूर्वी त्यातलं एक पाडून तिथे समितीचं सभागृह झालं. फरशी गेली, गालिचा आला. नळ काढले, पण भिंतीतला पंधरा फूट पाइप तसाच राहिला. एक टोक वॉर्डाच्या गरम पाण्याच्या लाइनला जोडलेलं, दुसऱ्या टोकाला बंद कॉक. पाणी आत शिरायचं, पण बाहेर पडायला त्याला वाटच नव्हती. सहा वर्षं ते तिथे कोमट होऊन बसलं होतं. असल्या पाण्यात जंतू बिऱ्हाड थाटतात आणि हळूहळू चालू लाइनमध्ये उतरतात. शॉवर सोडला की बारीक तुषारांबरोबर थेट छातीत जातात. धडधाकट माणूस एकवेळ निभावून नेतो, पण म्हाताऱ्या आणि दम्याच्या माणसाला न्यूमोनिया होतो.

जलजन्य जंतू नियंत्रण समितीची सभा भरली तेव्हा मिस्त्रीने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सभा अर्थातच त्याच सभागृहात होती. अध्यक्षस्थानी अधीक्षकसाहेब होते.

"साहेब, पाइप कापायचा आणि तोंडाला टोपी बसवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढा वेळ मजल्याचं पाणी बंद ठेवावं लागेल. त्या व्हॉल्व्हच्या कुलपाची किल्ली तुमच्याकडे असते."

"कोणता पाइप?"

"तुमच्या खुर्चीच्या मागचा."

साहेबांनी वळून पाहिलं. मागे भिंतीवर रुग्णालयाला मिळालेली प्रमाणपत्रं ओळीने टांगलेली होती. "मला तर काही दिसत नाही."

"भिंतीच्या आत आहे, साहेब."

"नकाशा आणा."

नकाशा आला, टेबलावर पसरला गेला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले गेले. बाथरूम पाडलं तेव्हा नकाशा काढणाऱ्याने कागदावरून बाथरूम खोडलं होतं आणि त्याबरोबर पाइपही. जागाच उरली नाही तर पाइप कशाला राहील, असा त्याने साधा सरळ विचार केला होता. साहेबांनी भिंगातून दोनदा पाहिलं.

"नकाशात पाइप नाही."

"नकाशात नाही साहेब, पण भिंतीत आहे."

"अहो मिस्त्री, उद्या कोणी विचारलं, काय कापलंत, तर मी काय सांगू? नसलेला पाइप कापला म्हणून?"

मिस्त्री उठला, पिशवीतून पान्हा काढला आणि भिंतीवर दोनदा ठोकला. आतून टण्, टण् असा छान आवाज आला. "ऐकलंत?"

"ऐकलं," साहेब म्हणाले आणि लेखनिकाकडे वळले. "भिंतीतून आवाज आला, अशी नोंद घ्या." आवाज पाइपचा आहे की अन्य कशाचा, हे ठरवायला तिथल्या तिथे पाच जणांची उपसमिती नेमली गेली. उपसमितीने दुसऱ्या दिवशी येऊन भिंत ठोकून पाहिली. तिघांना तो पाइपचा आवाज वाटला, दोघांना तुळईचा. मतभेदासह अहवाल सादर करण्यासाठी त्यांना मुदतवाढ मिळाली.

मिस्त्री एरवी खांदे उडवून गप्प बसला असता. असल्या सभा त्याने कितीतरी पाहिल्या होत्या. पण त्याच संध्याकाळी त्याची सासू घरातल्या घरात पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि सासूबाई दुसऱ्या मजल्यावर, हाडांच्या वॉर्डात, नऊ नंबरच्या खाटेवर दाखल झाल्या. वय बहात्तर, जुना दमा. दोन वर्षांपूर्वी त्यांना एकदा न्यूमोनिया झाला होता, तेव्हा लिफ्ट बंद होती म्हणून मिस्त्रीनेच त्यांना पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरवलं होतं. त्या वेळची त्यांची घरघर अजून त्याच्या कानात होती. आता डॉक्टरांनी सांगितलं, की पंधरा दिवसांनी टाके निघतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शॉवरखाली खुर्चीवर बसवून छान अंघोळ घालायची. त्याच्या हातात पंधरा दिवस होते.

बाकीच्या रुग्णांना सिस्टर 'तुम्हाला अजून परवानगी नाही' असं सांगून शॉवरपासून लांब ठेवायची. ती रुग्णालयाची संसर्ग नियंत्रणाची सिस्टर होती, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, आणि तिच्या आवाजापुढे कोणी चूं करत नसे. सासूबाईंपुढे मात्र तिचीही मात्रा चालेना. त्यांनी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांकडून अंघोळीची परवानगी लेखी घेतली होती आणि तो कागद उशीखाली ठेवला होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "अख्ख्या हॉस्पिटलचं पाणी तुमच्या हातात, आणि मला रोज ओल्या फडक्याने पुसून ठेवतायत. टेबल पुसावं तसं."

"आई, थोडा धीर धरा. त्या शॉवरच्या पाण्यात जंतू आहेत."

"काहीतरीच काय! दारावर अहवाल लावलाय की. मी नर्सकडून दोनदा वाचून घेतला. जंतू आढळले नाहीत म्हणून ठळक लिहिलंय."

"तो चहाच्या नळाचा अहवाल आहे."

"मग मला चहाच्या नळाखाली नेऊन बसवा," सासूबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून नुसतंच तोंड फिरवलं.

बाहेर व्हरांड्यात बायकोने त्याला गाठलं. "अहो, एवढं ठाऊक आहे तर कापून टाका ना तो मेला पाइप!"

"अगं, मजल्याचं पाणी बंद केल्याशिवाय कापता येत नाही. किल्ली साहेबांच्या खिशात आहे."

"आईला काही झालं ना, तर तुम्ही त्या समितीतच राहायला जा. घरी येऊ नका." तिचे डोळे भरून आले. ती भांडली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं, रडताना पाहून तो पार हबकला.

पाइप कापता येत नसेल तर निदान जंतू तरी कमी करावेत, म्हणून तो पुन्हा साहेबांकडे गेला. उपाय दोन होते आणि दोन्ही साधे होते. शॉवर रोज दहा मिनिटं, बाथरूमचं दार लावून, नुसता वाहू द्यायचा, आणि बॉयलर साठ अंशांवर ठेवायचा. साहेबांनी ते मन लावून ऐकलं. मग त्यांनी जंतू नियंत्रण समितीचे अध्यक्ष या नात्याने पाणीबचत समितीच्या अध्यक्षांना सविनय विनंतीपत्र लिहिलं. पाणीबचत समितीचे अध्यक्षही साहेबच होते. पत्र मिस्त्रीच्या हाती दिलं गेलं, मिस्त्रीने ते टेबलाच्या डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये ठेवलं, आणि साहेबांनी ते तिथून उचलून काळजीपूर्वक वाचलं. पाणी वाया घालवण्याची ही कल्पना त्यांना मुळीच पसंत पडली नाही. त्यांनी खेदपूर्वक नकार कळवला. नकार डाव्या ट्रेमध्ये आला तेव्हा तो वाचून साहेबांचा चेहरा उतरला.

"बघा मिस्त्री, मी प्रयत्न केला. ते ऐकत नाहीत."

"साहेब, दोन्हीकडे तुम्हीच आहात ना?"

"म्हणून तर निःपक्षपातीपणा सांभाळावा लागतो."

बॉयलरचंही तेच झालं. भाजण्यापासून संरक्षण समितीने पाण्याला चाळीस अंशांची मर्यादा घातली होती. चाळीस अंश म्हणजे या जंतूंना अगदी मानवणारं पाणी, हे मिस्त्रीने हात जोडून सांगितलं. त्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे साहेबच, म्हणाले, की जंतू भाजू नयेत अशी काही आमची भूमिका नाही, पण नियम सर्वांना सारखा आहे.

दहा दिवस असेच गेले. मिस्त्रीची भूक मेली. पान्हा हातात घेऊन तो सभागृहाच्या भिंतीकडे टक लावून उभा राहायचा, आणि येणारेजाणारे त्याच्याकडे जरा दबूनच पाहायचे. शेवटी सिस्टरने त्याला चादरींच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"मिस्त्रीदादा, बावीस वर्षं इथे काढलीत ना? मग एवढं कसं कळत नाही तुम्हाला?"

"काय कळत नाही?"

"तुम्ही कापा, कापा म्हणताय. कापायला परवानगी लागते. जोडायचं म्हणा. जोडायला उद्घाटन होतं." तिने एप्रनच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. पुढच्या शुक्रवारी मानांकनाची तपासणी होती आणि ही तपासणीची दोनशे बारा मुद्द्यांची यादी होती. तिने एकशे नव्वदाव्या मुद्द्यावर बोट ठेवलं: समितीच्या सभागृहात हात धुण्याची सोय आहे काय?

मिस्त्री दुपारीच साहेबांपुढे उभा राहिला. सभागृहात एक नवा नळ बसवावा म्हणतो, तोही पितळी, असं त्याने सांगितलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"वा! मिस्त्री, हे असं सकारात्मक बोलत जा. पण पाइप कुठून आणणार?"

"भिंतीतच आहे, साहेब. बंद कॉकच्या पुढे नळ लावला की झालं, मजल्याचं पाणीसुद्धा बंद करायला नको."

"कोणता पाइप हा?"

"तोच. नकाशात नसलेला."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "मग बेलाशक घ्या. नकाशात असता तर वापरायला मंजुरी घ्यावी लागली असती." त्याच दिवशी आदेश निघाला. उपसमितीला, तिचा विषय संपल्यामुळे, आभार मानून बरखास्त करण्यात आलं.

नळाखाली सिंक नव्हतं. सिंक म्हणजे सांडपाण्याची लाइन, आणि ती दुसऱ्या समितीच्या अखत्यारीत. म्हणून गालिच्यावर प्लॅस्टिक अंथरून त्यावर एक मोठी बादली ठेवली, आणि बादलीला पांढरं कापड गुंडाळून तिला शोभिवंत केलं. मिस्त्रीने आपल्यापुरती एक काळजी घेतली. नळाच्या तोंडाला त्याने हातभर रबरी नळी बसवली आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवलं, म्हणजे एक थेंबही हवेत उडायला नको. साहेबांनी विचारलं तेव्हा, पाणी टेबलावरच्या कागदांवर उडू नये म्हणून, असं त्याने सांगितलं.

शुक्रवार उजाडला. सकाळी सासूबाईंचे टाके निघाले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सातची वेळ ठरवून टाकली. साबण, टॉवेल, धुतलेले कपडे, सगळं त्यांनी मुलीकडून मागवून पायथ्याशी रचून ठेवलं होतं. मिस्त्रीने ते जाताजाता पाहिलं. आज जमलं नाही तर उद्या काय तोंडाने त्यांना अडवायचं, तेच त्याला समजत नव्हतं.

तपासनीस आले. सडपातळ, चष्मा लावलेले, कमी बोलणारे गृहस्थ. हातात यादी आणि पेन. एकशे एकोणनव्वद मुद्द्यांवर बरोबरची खूण झाली होती. सभागृहात सगळे सदस्य नव्या कपड्यांत उभे होते आणि नळाला लाल फीत बांधली होती. फुलंसुद्धा होती.

"साहेब, सगळ्यांनी मास्क लावलेला बरा," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, आपल्याकडे अहवाल आहे," साहेब हसून म्हणाले. सिस्टर मात्र मास्क लावूनच आली होती आणि तिने न विचारता तपासनीसांच्या हातात एक दिला.

साहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. त्यांनी नळ फिरवला. आधी काहीच झालं नाही. मग नळ खाकरला, भिंतीच्या आत काहीतरी गुरगुरलं, आणि सहा वर्षांचं पाणी बादलीत आलं. ते तपकिरी होतं. त्यात बुळबुळीत, लिबलिबीत गोळे होते, आणि वास असा होता की फुलांचा गुच्छ धरून उभी असलेली बाई गुच्छ टाकून पळाली. तीन-तीन तासांच्या सभेत ज्यांनी कधी बूड हलवलं नव्हतं, ते सदस्य एका दमात दारापाशी पोचले. अहवालावर सही करणारे सदस्य सगळ्यात पुढे होते.

तपासनीस जागचे हलले नाहीत. त्यांनी यादीत पाहिलं. "पाणी येतं का?"

"येतंय," मिस्त्री म्हणाला.

एकशे नव्वदाव्या मुद्द्यावर बरोबरची खूण झाली. "वास येतोय," तपासनीस म्हणाले आणि पानं उलटली. "पण वासाचा रकाना नाही." थोडं थांबून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे पाणी आणखी कुठे जातं?"

"या भिंतीच्या पलीकडे, वॉर्डाच्या शॉवरला."

"तिथे कोण अंघोळ करतं?"

"उद्या सकाळी सात वाजता माझी सासू," मिस्त्री म्हणाला, आणि साहेबांकडे वळताच इतके दिवस दाबून धरलेला आवाज एकदम फुटला. "बहात्तर वर्षांची आहे. दम्याची आहे. पंधरा दिवस मी या खोलीत येऊन सांगतोय, पाइप कापू द्या म्हणून. तुम्ही भिंत ठोकलीत, आवाज लिहून घेतलात, स्वतःलाच पत्रं पाठवलीत. तिला काही झालं तर बायकोला काय सांगू मी? नकाशा दाखवू तिला?"

साहेबांनी नाकावर रुमाल दाबला होता, त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. ते बरेच हेलावल्यासारखे दिसत होते.

"मिस्त्री, तुमचं म्हणणं खरं आहे," ते रुमालातून म्हणाले. "पण आता सभा कुठे घ्यायची?"

"काय?"

"या वासात सभा कशी घेणार? सोमवारी तीन समित्या आहेत! कापा तो पाइप, आत्ताच्या आत्ता!"

"परवानगीचा कागद, साहेब?"

"कसला कागद घेऊन बसलात! इथे माझा जीव घुसमटतोय." त्यांनी किल्ली फेकली. ती मिस्त्रीने झेलली. लोखंड तापलेलं आहे हे ओळखून त्याने तेवढ्यातच विचारलं, की लाइन धुवायला बॉयलर साठच्या वर न्यावा लागेल आणि अर्धा तास पाणी सोडावं लागेल, चालेल ना? "न्या, सोडा, काय हवं ते करा, पण आधी खिडक्या उघडा," साहेब म्हणाले. अशा रीतीने तिन्ही समित्यांची मंजुरी एका वाक्यात मिळाली.

पाइप बावीस मिनिटांत कापला गेला. चालू लाइनला लागून टोपी बसली. दुपारभर, वॉर्डातलं बाथरूम कुलूपबंद करून, त्यातून कढत पाणी वाहिलं. मिस्त्रीने शॉवरचं तोंड बदललं. सिस्टरने दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटातून जंतू अडवणारी गाळणी काढली. तिच्यावर 'केवळ प्रदर्शनासाठी' अशी चिठ्ठी होती आणि चार वर्षांत तिचं सीलही उघडलं नव्हतं. नवा अहवाल येईपर्यंत ती शॉवरवर राहणार होती. नव्या तपासणीसाठी नमुना सिस्टरने स्वतः घेतला, शॉवरखालून. दहा दिवसांनी तो स्वच्छ आला. नोटीस मिळालेल्या बदली माणसाला तिने तो अहवाल घरी पाठवून दिला.

शनिवारी सात वाजता सासूबाई शॉवरखाली बसल्या आणि पाऊण तास उठल्या नाहीत. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून त्यांचं मोठ्याने "अहाहा!" मिस्त्री बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता. त्याला रडू आलं, आणि बायकोने पदर पुढे केला तर म्हणाला, वाफ गेली डोळ्यांत.

सोमवारी सभागृहात सभा झाली. इतिवृत्तात असं लिहिलं गेलं: 'नकाशात नसलेला पाइप प्रत्यक्षातही नसल्याचे खातरजमा करून आढळून आले. सबब नकाशा अचूक आहे.' रुग्णालयाला मानांकन मिळालं. ते प्रमाणपत्र भिंतीवरच्या ताज्या सिमेंटवर टांगलं आहे. त्याच्या शेजारी तो पितळी नळ अजून आहे. त्याला आता पाणी येत नाही, कारण त्याच्यामागे पाइपच नाही. पण यादीत त्याची नोंद असल्यामुळे दर सोमवारी एक कर्मचारी येऊन तो पाच मिनिटं उघडा ठेवतो आणि नोंदवहीत सही करतो.

सासूबाईंना घरी सोडलं, तेव्हा बायको त्यांना आपल्याकडेच घेऊन आली. मागच्या खोलीला लागून एक छोटं बाथरूम होतं, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेलं, उंबरा नसलेलं, काठी टेकत जायला सोयीचं. बायकोने दाराला टॉवेल अडकवला. सासूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. पंधरा दिवस त्या वॉर्डात होत्या, काही कमी शिकल्या नव्हत्या.

"जावईबापू, हा शॉवर शेवटचा कधी सोडला होता?"

मिस्त्रीने आत पाहिलं. शॉवरखाली दोन सुटकेसी होत्या, इस्त्रीचं टेबल होतं, मोडका पंखा होता. शेवटचा पाहुणा येऊन गेल्याला वर्ष झालं असावं, कदाचित जास्तच. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"कालच," मिस्त्री म्हणाला.

"हो, कालच," बायको म्हणाली. "आई, तू आधी चहा घे बाई, बस जरा."

सासूबाई चहाला बसल्या, तशी मिस्त्रीने सुटकेसी बाहेर काढल्या, दार आतून लावलं, तोंडाला रुमाल बांधला आणि गरम नळ पूर्ण सोडला. पाणी आधी लालसर आलं.

"काल सोडला होता ना हो?" बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"तो कालचा झाला, आई! हा आजचा!"

आता यावर तुम्ही हसाल आणि म्हणाल, ज्याच्या घरातच असं, तो रुग्णालयाला काय बोलणार? म्हणा, खुशाल म्हणा. तुमचा हक्कच आहे तो. जाताजाता एवढा एक रकाना तेवढा भरून द्या. तुमच्या घरातला, पाहुणे आले तरच उघडायचा म्हणून ठेवलेला, सध्या ज्याच्याखाली रिकामे डबे आणि जुनी सुटकेस आहे, तो नळ शेवटचा कधी सोडला होता? घाई नाही, नीट आठवून लिहा. नाहीच आठवलं, तर 'कालच' लिहा, आम्ही खाली सही करून देतो.